तीर्थनचं पाणी कमी असताना: कोल्हापूरहून ट्राउटसाठी जाणाऱ्यांना

पंचगंगेच्या नाहीतर भोगावतीच्या काठावर गळ टाकणाऱ्याला पाण्यात फार खोलवर दिसत नसतं, आणि माशालाही दिसत नसतं. त्यामुळे मासा आपल्याला बघतोय, हा विचार त्याच्या मनात कधी येत नाही. आमिष नीट लावलं, तंगूस ताणून बसलं की झालं. हीच सवय घेऊन माणूस ऑक्टोबरात हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी जातो आणि हात हलवत परततो. मग दोष फ्लायला, म्हणजे गळावर पिसा-धाग्याने बांधलेल्या खोट्या किड्याला. ती चुकीची घेतली, रंग चुकला, दुकानदाराने फसवलं. खरं तर कमी आणि नितळ पाण्यात ट्राउट फ्लाय नाकारतो असं क्वचितच होतं. फ्लाय पाण्यावर पडण्याआधीच त्याने माणूस पाहिलेला असतो. म्हणून इथे फ्लायबद्दल थोडं आणि न दिसता माशाजवळ कसं पोचायचं याबद्दल जास्त लिहिलं आहे.

कधी जायचं

हिमाचलात ट्राउटची बंदी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर असते, कारण ब्राउन ट्राउट थंडीत अंडी घालतो. नदी सर्वांत कमी होते तीही याच महिन्यांत. म्हणजे बंदीबाहेर कमी पाण्याचे दोनच तुकडे हाती उरतात: पावसाचं पाणी ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर आणि बर्फ वितळायला लागण्याआधीचा मार्च. एप्रिलपासून दुपारनंतर पाणी चढायला लागतं, मे-जूनमध्ये जोर धरतं, आणि जुलै ते सप्टेंबर पाऊस. त्या दिवसांत हे वाचून उपयोग नाही, तेव्हाचं तंत्र वेगळं.

ऑक्टोबर आणि मार्च दोन्हीकडे पाणी कमीच, पण मासा सारखा वागत नाही. ऑक्टोबरात तो वरचे किडे खातो. नाकतोडे, मुंग्या, भुंगेरे काठावरच्या गवतातून पाण्यात पडत असतात, त्यामुळे कोरडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय चालते. सकाळ आणि संध्याकाळ चांगली, दुपारी सावलीतले पट्टे बघायचे. मार्चमध्ये पाणी बर्फाळ असतं. मासा खोल, संथ जागी तळाला धरून बसतो आणि थोडं ऊन लागल्याशिवाय हलत नाही. तेव्हा पहाटे पाच वाजता उठून थंडीत कुडकुडण्यात काही अर्थ नाही, सकाळी ११ ते दुपारी ३ ही खरी वेळ.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा स्टीलच्या टोकाचा स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर खिशात ठेवा आणि पाणी मोजा. १० ते १६ अंश सेल्सिअसला ब्राउन ट्राउट मनापासून खातो. ५-६ अंशांच्या खाली गेलं तर निंफ, म्हणजे बुडणारी फ्लाय, अगदी सावकाश तळाशी सोडायची. १९-२० अंशांच्या वर गेलं तर रॉड गुंडाळायचा. उबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, दमलेला मासा सोडला तरी नंतर मरतो. मुख्य नदीत असं सहसा होत नाही, पण भर उन्हातल्या उथळ बाजूच्या ओढ्यांवर लक्ष ठेवावं लागतं.

जाण्याचं थोडक्यात: कोल्हापूर–हजरत निझामुद्दीन गाडी आठवड्यातून एकदा आहे, पुढे दिल्लीहून मनालीच्या बसने औटला उतरायचं, तिथून बंजारचा फाटा. चार तुकड्यांचा साडेसात फुटी रॉड सुटा केला की तुकडा साठ सेंमीच्या आत बसतो, बर्थखाली राहतो. पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि दोन टोपणं घेतली की नळी घरीच होते. परवाना हिमाचलच्या मत्स्य खात्याचा, तो हातात आल्याशिवाय पाण्याला गळ लावू नका. किती मासे, किती लांबीचे आणि कुठल्या पट्ट्यात, हे त्यावरच वाचून घ्या. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाची हद्द वरच्या अंगाला सुरू होते, तिथले नियम वेगळे.

माशाला काय दिसतं

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे ही खिडकी सुमारे ९७ अंशांच्या शंकूएवढी असते. तिच्याबाहेर पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यात तळाचंच प्रतिबिंब पडतं. खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट धरा. मासा ३० सेंमी खोल असेल तर खिडकी साधारण ६८ सेंमी, ६० सेंमीवर असेल तर १३५ सेंमी. मासा हलला की खिडकी त्याच्याबरोबर सरकते.

यातून दोन गोष्टी निघतात. कमी पाण्यात मासा उथळ असतो, म्हणून त्याची खिडकी लहान. फ्लाय त्याच्या डोक्यापासून हातभर बाजूला गेली तर ती त्याला नीट दिसतच नाही. भरल्या पाण्यातली ‘जवळपास पडली तरी चालेल’ ही सवय इथे उपयोगाची नाही. दुसरी गोष्ट आपल्या फायद्याची. क्षितिजाजवळून येणारा प्रकाश खिडकीच्या कडेला इतका चेपला जातो की पाण्याच्या पातळीपासून सुमारे १० अंशांच्या खाली असलेली वस्तू माशाला जवळजवळ कळत नाही. गळ टाकणाऱ्यांचा हा जुना हिशेब आहे आणि मीटरमध्ये तो असा बसतो: माशापासून ६ मीटरवर असाल तर पाण्यापासून १ मीटर उंचीपर्यंत लपून राहता, ७ मीटरवर सव्वा मीटर, ९ मीटरवर १.६ मीटर, १२ मीटरवर २.१ मीटर. म्हणजे मध्यम उंचीचा माणूस गुडघ्यावर बसून ७ मीटरपर्यंत जाऊ शकतो. उभं राहायचं तर किमान १० मीटर हवेत.

उंची पाण्याच्या पातळीपासून मोजायची, पायापासून नाही. अर्धा मीटर उंचीच्या कातळावर गुडघे टेकून बसलात तर तुम्ही पावणेदोन मीटरचे झालात. छान सपाट कातळ दिसला की माणूस त्यावर चढतो, आणि डोह रिकामा का याचं आश्चर्य करतो.

उंचावलेला रॉडही यातच मोजा. डोक्यावरून फेक केली की नऊ-दहा फुटांवर काठी हलते, तिचं वार्निश उन्हात चमकतं. म्हणून कमी पाण्यात फेक आडवी, कमरेच्या उंचीने.

हा हिशेब संथ, सपाट पाण्याचा. जिथे पाणी दगडांवरून खळाळतं तिथे खिडकी फुटलेली असते, आवाजही असतो. तिथे ३-४ मीटरपर्यंत सरकता येतं. नवशिक्याने कमी पाण्यात सुरुवात खळाळापासून करावी, डोहापासून नको. डोहातले मोठे मासे दिसतात म्हणून सगळे तिकडे धावतात.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, त्यामुळे त्याच्या मागून, म्हणजे खालच्या अंगाने वर जायचं. शेपटीमागचा तुकडा त्याला दिसत नाही. पण पायाखाली दगड घसरला तर मागूनही कळतं. अंगावरच्या रेषेतून त्याला पाण्यातली हालचाल जाणवते. पाण्यात चालायचे खिळे मारलेले बूट भरल्या नदीत बरे, कमी पाण्यात त्यांची खडखड दूरवर जाते. रबरी तळ घ्या, आणि शक्यतो पाण्यात उतरूच नका. काठावरून होत असेल तर काठावरूनच.

कपडे मातकट, शेवाळी. पेठेच्या संघाची भडक जर्सी घरी ठेवा. घड्याळ, अंगठी, पांढरी टोपी, कडं, सगळं उन्हात चमकतं. सूर्य पाठीशी असेल तर तुमची सावली माशावर पडते. सूर्य बाजूला येईल अशी जागा बघा, नाहीतर दुसऱ्या काठाने जा. काळपट-तपकिरी पोलराइड चष्मा मात्र हवाच, पाण्यावरची चकाकी गेली की मासा उभा दिसतो. चष्मा नसेल तर वरचा सगळा हिशेब अंधारात.

सामान

रॉड ७ ते साडेसात फुटी, ३ नंबरचा (नंबर त्याला लागणाऱ्या लाइनच्या, म्हणजे फेकायच्या जड दोरीच्या वजनाचा), आणि मऊ. ‘फास्ट’ म्हणून विकला जाणारा कडक रॉड इथे त्रास देतो आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. माशापासून ७ मीटरवर बसलात, लीडर (लाइन आणि फ्लाय यांमधलं निमुळतं तंगूस) साडेतीन मीटरचा आहे, रॉडची लांबी वेगळी. टोकाबाहेर प्रत्यक्ष लाइन उरते मीटर-दीड मीटर. तेवढ्या वजनाने कडक रॉड वाकत नाही, आणि रॉड वाकला नाही तर फेक होत नाही. माणूस जोर लावतो, लाइन पाण्यावर आपटते. उपाय दोन: मऊ रॉड घ्या, किंवा ३ नंबरच्या रॉडला ४ नंबरची तरंगती लाइन लावा. लाइनचा रंग शेवाळी किंवा राखी. केशरी लाइन फोटोत छान दिसते, बस.

जपानी पद्धतीचा तेंकारा रॉड खळाळात फार कामाचा. रीळच नाही, सव्वातीन-साडेतीन मीटरची लांब काठी आणि टोकाला बांधलेली तेवढीच दोरी. आपल्याकडची कळकाची काठी आणि तंगूस यांचीच ही सुधारलेली बहीण, त्यामुळे गावाकडे हात बसलेल्या माणसाला ती दोन तासांत जमते. मोठा मासा लागला तर दोरी सोडता येत नाही, एवढीच अडचण.

लीडर ९ फुटी, ५एक्स टोकाचा विकत घ्या आणि त्याला ९० सेंमी ६एक्स टिपेट, म्हणजे टोकाचं बारीक तंगूस, जोडा. झाला १२ फूट. जोड डबल सर्जन गाठीने, फ्लायला इम्प्रूव्हड क्लिंच, पाच वेढे. गाठ ओढण्याआधी थुंकी लावून ओली करा. कोरडी ओढली तर घर्षणाने नायलॉन तापतो आणि नेमका तिथेच तुटतो. एक्सचा आकडा ११ मधून वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते: ६एक्स म्हणजे ५ हजारांश, साधारण ०.१३ मिमी, ५एक्स ०.१५, ७एक्स ०.१०. फ्लायच्या नंबराला (नंबर मोठा तेवढी फ्लाय लहान) ३ ने भागलं की योग्य एक्स: १८ नंबरला ६एक्स. ७एक्स खिशात असू द्या, पण त्याने सुरुवात करू नका. बारीक तंगूस हा शेवटचा उपाय आहे. खालून दिसणारा माणूस ७एक्सने लपत नाही.

टिपेटची बारीकी जितकी महत्त्वाची, त्याहून ते बुडणं महत्त्वाचं. पृष्ठभागावर तरंगणारं तंगूस पाण्याला खळगा पाडतं आणि ऊन असेल तर तळावर दोरखंडाएवढी सावली टाकतं. फ्लायजवळचं साठेक सेंमी टिपेट बुडायला हवं. त्यासाठीचा लेप बाजारात डबीत मिळतो, पण महाद्वार रोडवरच्या कुठल्याही दुकानातल्या सामानात तो घरी होतो: दोन चमचे मुलतानी माती, अर्धा चमचा ग्लिसरीन, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. कणकेसारखं मळा, फार कोरडं वाटलं तर ग्लिसरीन वाढवा, जुन्या बामच्या डबीत भरा. चिमूटभर बोटांत धरून टिपेट त्यातून ओढायचं. फ्लायला हात लावू नका, नाहीतर तीही बुडेल. दर दहा-पंधरा फेकींनी पुन्हा.

फ्लाय थोड्याच पुरतात. पॅराशूट अॅडम्स १६, १८, २०. एल्क हेअर कॅडिस १६ आणि १८. काळी मुंगी १८. ग्रिफिथ्स नॅट २०. निंफमध्ये फेजंट टेल १६ आणि १८, निम्मे बिनमण्याचे आणि निम्मे २ मिमी धातूच्या मण्याचे. प्रत्येकी चार-चार. घरी बांधणाऱ्यांसाठी कोल्हापुरात एक सोय आहे: गावठी कोंबड्याच्या मानेवरची पिसं. त्यांचे तंतू आखूड आणि ताठ असतात, त्यामुळे लहान नंबरच्या कोरड्या फ्लायसाठी ती उत्तम, बाहेरदेशीही भारतीय कोंबड्याच्या माना यासाठी विकल्या जात आल्या आहेत. चिकनवाल्याला आधी सांगून ठेवा, कातडीसकट मान मागा, चरबी खरवडून मीठ लावून सावलीत वाळवा. वाळल्यावर आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवलं की किडे राहत नाहीत. घरच्यांची परवानगी फ्रीजरसाठी वेगळी लागेल.

प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाका. मासा लवकर सुटतो, आणि स्वतःच्या कानात शिरलेला गळही.

घरचा सराव

प्रवासाला दोन-तीन हजार किलोमीटर घालवून तिथे फेक शिकायची नसते. गवताचं कुठलंही मैदान चालतं. डांबरावर किंवा फरशीवर सराव केला तर लाइनचं आवरण खरवडतं आणि ती बुडायला लागते. फ्लायच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधा. बांधकामावरचं घमेलं सात मीटरवर ठेवा. त्याची रुंदी उथळ माशाच्या खिडकीहून थोडी कमी असते, म्हणून निशाण म्हणून योग्य. गुडघ्यावर बसून, रॉड आडवा धरून, हवेत एकच हेलकावा देऊन लोकर त्यात पाडायची. दहातल्या सात पडू लागल्या की घमेलं उजवीकडे, डावीकडे, झुडपाखाली सरकवा.

नेम जमला की लोकर पडते कशी याकडे बघा. फेक पाण्यावर नव्हे, घमेल्यावर अर्धा मीटर हवेत संपवायची. लाइन सरळ होते, थांबते आणि मग लोकर आपल्या वजनाने खाली येते. हे जमलं नाही तर बाकी सगळं जमूनही मासा पळेल.

बो फेकही शिकून ठेवा. झुडपात मागे जागा नसते तेव्हा फ्लाय बोटांत धरायची (गळाचं टोक बाहेर), रॉड धनुष्यासारखा वाकवायचा, निशाण धरून सोडून द्यायचं. ४-५ मीटर सहज जाते.

पाण्यावरचा सराव हवा असेल तर डिसेंबरनंतर कासारी, कुंभी, तुळशीच्या वरच्या अंगाला पाणी निवळतं आणि अळकुटीसारखे बोटभर मासे वरचे किडे टिपतात. २० नंबरची काळी फ्लाय ते घेतात, आणि त्यांच्यावर हात बसला की ट्राउटचं उठणं संथ वाटेल. कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या आणि तलावांच्या मासेमारीचे ठेके मच्छीमार संस्थांकडे असतात, तिथे विचारल्याशिवाय गळ टाकू नये. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत रॉड काढूच नका. आणि शिरोळच्या बाजूला कंबरभर पाण्यात उभं राहून फेकायची हौस मगरींमुळे टाळलेली बरी.

नदीवर, क्रमाने

डोहाजवळ आलात की पाण्यापासून दहा पावलं मागे बसा. पाच मिनिटं काहीच करायचं नाही. कुठे वर्तुळं उठतात, फेसाची रेघ कुठून जाते, तेवढं बघा. फेस जिथून जातो तिथूनच किडेही जातात, आणि मासा त्या रेघेच्या कडेला असतो.

डोहाचं शेपूट आधी. पाणी जिथे उथळ होऊन पुढच्या उताराला लागतं तिथे बहुतेक वेळा एक लहान मासा असतो. तो बिथरला की सुसाट वर जातो आणि अख्खा डोह सावध होतो. पुष्कळ लोक याच माशाला न बघता ओलांडतात, म्हणून वरचे मोठे मासे त्यांना कधी भेटत नाहीत. शेपटाच्याही खाली चार-पाच मीटरवर गुडघे टेका आणि त्याच्यावर पहिली फेक करा. लागला तर पटकन खाली ओढून घ्या.

मग मध्यभाग, मग डोहाचं तोंड, जिथे वरून धार पडते. कमी पाण्यात तोंडाजवळ प्राणवायू जास्त, पृष्ठभाग फुटलेला, म्हणून दिवसा चांगले मासे तिथे. शिवाय कातळाच्या कपारी, काठाच्या मुळ्यांखालची पोकळी आणि मोठ्या दगडाच्या मागचा संथ तुकडा. दगडाच्या पुढेही पाण्याची उशी होते, तिथे मासा असतो आणि तिथे कोणी फेकत नाही.

फ्लाय माशाच्या वरच्या अंगाला ६० ते ९० सेंमीवर पाडा, आणि थेट डोक्यावरून लाइन जाऊ नये म्हणून जरा बाजूने. हवेत हेलकावे देऊन अंतर मापायचं असेल तर माशापासून लांब, बाजूच्या पाण्यावर मापा. ओल्या लाइनचे थेंब माशाच्या डोक्यावर पडले तरी तो जातो. फ्लाय तुमच्याकडे वाहत येईल तशी ढिली लाइन डाव्या हाताने गोळा करत राहा. फ्लाय माशाला ओलांडून दोन मीटर खाली आल्याशिवाय उचलायची नाही. लगेच उपटली तर पुढची फेक वाया.

मासा वर येऊन फ्लाय घेतो तेव्हा रॉड झटक्याने उपटायची सवय आपल्याकडे पक्की असते. ०.१३ मिमी तंगूस त्या झटक्याने हमखास तुटतं. फ्लाय दिसेनाशी झाली की क्षणभर थांबून रॉड नुसता वर घ्या. ब्राउन ट्राउट संथ पाण्यात सावकाश घेतो, तेवढा वेळ असतो.

मार्चमध्ये किंवा कोणीच वर येत नसेल तेव्हा कोरड्या फ्लायच्या गळाला ४५ सेंमी टिपेट बांधून खाली छोटा निंफ लटकवा. वरची फ्लाय थांबली, सरकली, बुडाली की रॉड उचला. मण्याचा निंफ संथ पाण्यात टाकू नका, त्याची टपकन पडण्याची चाहूल पुरते. तिथे बिनमण्याचा.

ऑक्टोबरच्या शेवटी खडीवर जोडीने फिरणारे मासे किंवा आजूबाजूच्या शेवाळी तळात स्वच्छ फिकट झालेला खडीचा पट्टा दिसला तर तिथे फेकू नका आणि पायही देऊ नका. ती अंडी घालण्याची जागा आहे.

का फसतं

मासा वर आला, फ्लाय जवळून पाहिली आणि वळला. बहुतेक वेळा कारण ओढ असते. तुमच्या आणि माशाच्या मध्ये वेगळ्या वेगाचा प्रवाह आहे, तो लीडरला ओढतो, आणि फ्लाय फेसाहून जरा वेगळी चालते. कधी हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण माशाला दिसतो. फ्लायशेजारून जाणाऱ्या फेसाच्या बुडबुड्याशी तिची चाल ताडून बघा. उपाय म्हणजे जागा बदलणं: मध्ये एकच प्रवाह राहील अशा ठिकाणी सरका. जागा नसेल तर फेक संपताना रॉड प्रवाहाच्या वरच्या बाजूला झुकवा, म्हणजे ढिली लाइन आधीच वर पडते.

ओढ नसतानाही वळला तर दोन-तीन मिनिटं थांबा. त्याला पुन्हा जागेवर येऊ द्या. मग एका आकाराने लहान फ्लाय लावा. तरी नाही तर टिपेट ७एक्स. फ्लायची जात बदलणं सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात, डबीतल्या सगळ्या फ्लाय पाळीपाळीने दाखवतात आणि तेवढ्यात मासा निघून जातो.

एका माशावर चार-पाच चांगल्या फेकी झाल्या की पुढे चला. कमी पाण्यात पहिल्या दोन फेकींना जेवढी शक्यता असते तेवढी नंतरच्या वीसांना मिळून नसते.

मासा लागून तुटतोय? टिपेटवर बोट फिरवा. वाऱ्याने पडलेली बारीक गाठ असेल तर ताकद निम्म्यावर येते. गाठ सोडवत बसू नका, कापून नवं जोडा. फ्लाय बुडत राहते तर ती टिपकागदात पिळून फुंकर मारा, मगच तरंगण्याचं मलम लावा. ओल्या फ्लायला मलम लावलं तर ओल आतच कोंडते.

सोडायचा मासा हातात घेण्याआधी हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि बुरशी धरते. जाळी रबरी. शक्यतो पाण्यातच गळ काढा, पाण्याबाहेर दहा सेकंदांहून जास्त नको. नंतर प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवा, तो स्वतःहून जाईपर्यंत.

पाणी अचानक वाढलं तर

तीर्थनवर मोठं धरण नाही, हे तिचं भाग्य. पण लारजीला ती ज्या सैंज आणि बियास नद्यांना मिळते त्यांवर वीजप्रकल्प आहेत. तिथे कमी पाणी म्हणजे वर अडवलेलं पाणी. ८ जून २०१४ ला लारजीच्या धरणातून सोडलेल्या पाण्याने बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीकाठी काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे, पण आपल्याकडे निदान पावसात बातमी येते. तिथे निळ्या आभाळाखाली पाणी येतं. सैंज-बियासच्या पात्रातल्या खडकांवर, मधल्या बेटांवर जाऊ नका. तीर्थनवरसुद्धा पाण्याचा रंग गढुळला, पाचोळा-काटक्या वाहत येऊ लागल्या, किंवा पाण्याचा आवाज बदलला तर वस्तू गोळा करत न बसता काठ चढा. पाण्याच्या कडेचा एक दगड लक्षात ठेवून दर पंधरा मिनिटांनी तो किती बुडालाय ते बघण्याची सवय लावून घ्या.

परतल्यावर

बूट आणि जाळी घरी येऊन पूर्ण वाळवा, एका नदीचं शेवाळ दुसरीत नेऊ नये. लाइन कोमट साबणपाण्याच्या फडक्याने पुसा. रीळवर घट्ट गुंडाळून वर्षभर ठेवली तर वळ्या पडतात, म्हणून मोठ्या रिकाम्या डब्याभोवती सैल गुंडाळा. कोल्हापूरचा पाऊस फ्लायच्या डबीचा खरा वैरी. ओली फ्लाय तशीच डबीत गेली तर श्रावण सरेपर्यंत गळ गंजतो आणि शेजारच्या दहा खराब करतो. डबी दिवसभर उघडी ठेवा, मग सिलिका जेलची पुडी टाकून बंद करा. टिपेटच्या रिळावर खरेदीची तारीख पेनाने लिहून ठेवा. नायलॉन ऊन आणि वयाने कमजोर होतं, दोन हंगाम झाले की ते घरच्या सरावाला वापरा आणि नदीवर नवं न्या.